बंद मशीनचं रीडिंग

बस सम्राट. जयभीम, जयभीम. खाली नको, मुंग्या हायेत, हितं ओट्यावर ये. यशोधरा, तूबी ये. आन् तो मोबाईल पालथा घाल, डोळ्यात उजेड घुसतोय. लाईट काय आता बारा वाजल्याशिवाय येत न्हाई.

मघाशी जेवताना तू तुझ्या कामाचं सांगत हुतास. पुण्याच्या कंपनीत सर्व्हरला मीटर लावायचा आन् लिहून काढायचं, की गडी जोरात कामाला लागला तर किती वीज खातो, नुसता जागा बसला तर किती आन् बंद केला तर किती. तुझ्या आईला वाटतं पोरगं लई नवलाचं काम करतंय. आरं, हेच काम आमच्या कारखान्यावर अठ्ठ्याण्णव साली झालंय. तवा तू जन्माला यायचा हुतास. आन् त्या मीटरवर बंद मशीनचं जे रीडिंग आलं, त्याचं उत्तर तुझ्या पुण्यातबी कुनाकडं नसंल.

हसू नको. मी चाळीस वर्सं वायरी हाताळल्यात. छप्पन सालानंतर आमच्या बापानं देव्हारा गाठोड्यात बांधून नदीला सोडला, तवा भुतंबी त्याच गाठोड्यात घालून दिली. मला त्याचं वेड न्हाई. ज्याच्यासंगं झालं तो मच्छिंद्र माझ्या वळखीचा, जे झालं ते त्यानं त्याच पहाटे मला सांगितलं, आन् शेवटचं तर मी माझ्या डोळ्यानं बघितलं. भूत म्हनायचं का आनखी काय, ते तुमी ठरवा.

कारखान्याचं नाव घेत न्हाई, तिथली मानसं अजून हायेत. काष्टीपासून सायकलवर पाऊन तास. मी तिथं वायरमन. उसाच्या नोंदी ठेवायला हापिसाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरची खोली केली हुती. आमच्या मोठ्या साहेबाला आनखी चार सर्व्हर घ्यायचे हुते, आन् इकनारा शपथा घेऊन सांगत हुता की आमचं मशीन लई कमी वीज खातं. हंगामात कारखाना स्वतःची वीज करतो, भुसा जाळून. पन हंगाम संपला की बोर्डाची घ्यावी लागती. साहेब एक नंबरचा चिक्कू. म्हनला, कुनाच्या जिभेवर इस्वास ठेवू नका, नमुन्याचं एक मशीन आना आन् मीटर लावून बघा. दिवसा व्होल्टेज वरखाली व्हायचं म्हनून रात्रीच बघायचं ठरलं. तीन रात्री. पयली मशीन कामाला लावून, दुसरी नुसतं चालू ठेवून आन् तिसरी बंद करून.

गुरुवारी, चौदा मेला, नगरच्या टेस्टिंगवाल्यांचा मानूस मीटर घेऊन येनार हुता. मी लुना घेऊन काष्टीच्या स्टँडवर आनायला गेल्तो. एसटीतनं उतरला तर मच्छिंद्र. केस पांढरे झालेले, मांडीएवढी काळी पेटी छातीशी धरलेली. नऊ वर्सांपूर्वी तो आमच्याच पॉवर हाऊसमधी स्विचबोर्डावर हुता. एक दिवस राजीनामा दिला आन् नगरला गेला, त्यानंतर पाय ठेवला न्हाई. मी म्हनलं, "काय रे, वाट चुकलास?" तो हसला न्हाई. लुनावर माझ्या मागं बसल्यावर एवढंच इचारलं, "कादरच्या घरचे अजून कॉलनीतच हायेत का?"

कादर कोन ते सांगतो. कादर माझा जोडीदार. आमी दोघं एका शिडीवर चढलेली मानसं, तो वर आन् मी खाली न्हाईतर मी वर आन् तो खाली. एकोननव्वदच्या मार्चमधी, हंगाम जोरात असताना, नदीवरच्या जॅकवेलची लाईन रात्री बिघडली. जॅकवेल म्हंजी यशोधरा, नदीतली ती मोठी विहीर, जिथनं कारखान्याला पानी उपसायचे. कादर एकटाच गेला. मला ताप हुता. पहाटे त्याला पोलवरून खाली उतरवला तो... जाऊ दे. चौकशी झाली. चौकशीत निघालं काय, तर लॉगशीटवर, म्हंजी बोर्डावरचा गडी दर तासाला आकडे लिहितो त्या कागदावर, रात्री तीन वाजता लाईन चालू. बंद करा म्हनून कुनी सांगितल्याची नोंद न्हाई. म्हंजी कादर चालू लाईनवर चढला. मग एकानं पुडी सोडली, पिऊन चढला असंल. ज्या मानसानं जन्मात थेंब तोंडाला लावला न्हाई, रमजानात तीस रोजे करून पोलवर चढायचा, त्याच्या नावाला हे चिकटलं. मला ठावं हुतं ते खोटं हाय. पन मीबी गप बसलो. नोकरी हुती, पोरं ल्हान हुती. त्याची लाज मला आजबी वाटती.

त्याची बायको गौहर. तिला कारखान्यानं झाडलोटीला ठेवून घेतलं. पोरगी सबिहा, अठ्ठ्याण्णव साली एकोनीस वर्साची, दहावी पास, शिवनकाम करायची. दौंडचं एक स्थळ नक्की होत आलं हुतं. सुपारी फुटायच्या आत त्या लोकांच्या कानावर गेलं, बाप दारू पिऊन तारेला चिकटला. आले तसे गेले. आन् नऊ वर्सं गौहरभाभी एकच सवाल इचारत हुती, शिपायाला, इंजिनियरला, मला, कुनालाबी. त्यानं लाईन बंद करा म्हनून फोन केला हुता का? ज्याला ठावं असायला पायजे, तो एकच मानूस तिला भेटला न्हाई. कारन तो नगरला पळाला हुता.

सम्राट, तू अजून हसतोयस. बरं.

दोन रात्री मच्छिंद्र इमानानं बसला. मशीन कामाला लागलं की एकशे ऐंशी वॅट, नुसतं बसलं की एकशे दहा, असे काहीतरी आकडे. दर पंधरा मिनटाला बघायचं आन् शीटवर लिहायचं, कारन त्या मीटरला स्वतःची आठवन नव्हती. तुमच्यासारखं आपोआप कुठं तवा. मीटरची तार भिंतीत, मशीनची तार मीटरमधी, आन् पुढं लाल आकडे. सोपं काम हाय, फक्त जागं राहायचं.

तिसरी रात्र शनिवारची. सोळा मे. बुद्ध पौर्निमा होऊन पाच दिवस झाले हुते, चंद्र उशिरा उगवनार हुता. संध्याकाळी सातला गौहरभाभी ती खोली झाडायला आली. मी तिथंच वायर गुंडाळत हुतो. मच्छिंद्रनं तोंड भिंतीकडं केलं. तिनं झाडून घेतलं, केर उचलला आन् दारात थांबली.

"मच्छिंदरभाऊ," ती म्हनली, "तुमी त्या रात्री बोर्डावर होते ना?"

त्यानं मान हलवली.

"मला भांडायचं न्हाई. फक्त खरं सांगा. त्यांचा फोन आला होता का?"

मी मच्छिंद्रकडं बघत हुतो.

"न्हाई भाभी," तो म्हनला. "न्हाई आला."

ती बरं म्हनली. केराचं टोपलं उचलून गेली. जिन्यावर तिचा पाय थांबत थांबत उतरल्याचा आवाज येत हुता. मला राग आला, पन कुनावर ते कळंना.

आता एक गोष्ट तुमाला आधीच सांगतो, न्हाईतर फुडचं कळायचं न्हाई. मला ती पहाटे कळली. फोन आला हुता.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड हाय. लॉगशीट भरायला दर तासाला उठायचा कंटाळा येतो. आकडा तर रोज तोच असतो. मग गडी काय करतो, रात्री दहालाच सकाळपातुर समदे आकडे भरून टाकतो आन् आडवा हुतो. मीबी केलंय, खोटं कशाला बोलू. त्या रात्री मच्छिंद्रची डबल ड्युटी हुती, बदली आला नव्हता. त्यानं जॅकवेलच्या लाईनीपुढं एकापासून तीनपातुर बावीस, बावीस, बावीस अँपिअर लिहून टाकलं. दोन पन्नासला कादरचा फोन आला. "मच्छिंदर, लाईन बंद कर, वर चढतोय. मी फोन केल्याबिगर चालू करू नको." मच्छिंद्रनं हँडल खाली ओढला. शीट बदलली न्हाई, सकाळी बदलू म्हनला. आन् खुर्चीतच डोळा लागला. तीन वीसला दचकून उठला. बघतो तर हँडल खाली. शीटवर बघितलं, तीनला बावीस. स्वतःच्याच हातचं अक्षर. त्याला वाटलं, तीनला चालू हुती, म्हंजी आत्ता ट्रिप झाली, आपोआप पडली. झोपेत उठला आन् हँडल वर ढकलला.

हँडल वर गेला... आन् मग त्याला फोन आठवला.

त्यानं फुडं चारच्या चौकोनात ट्रिप लिहिलं. तीनचा बावीस तसाच ठेवला. त्या एका आकड्यानं कादर दारुडा ठरला.

यशोधरा, पानी पिऊन घे.

तर शनिवारी रात्री दहाला मी मच्छिंद्रला भाकरी द्यायला वर गेलो. मशीन बंद. मीटरवर शून्य. आन् पठ्ठ्यानं दहापासून सहापातुर समदी शून्यं भरून ठेवलेली. मी म्हनलं, "आरं, सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई तुझा." तो म्हनला, "रंभाजी, बंद मशीन काय खानार? मला झोपू दे. माझं डोकं दुखतंय." भाकरीला हात लावला न्हाई. मी शिव्या घालत खाली उतरलो आन् क्वार्टरवर जाऊन झोपलो. आता वाटतं, थांबायला पायजे हुतं.

हंगाम संपलेला कारखाना तुमी रात्रीचा बघितला न्हाई. हंगामात एवढा गदारोळ असतो की शेजारच्याच्या कानात वरडावं लागतं. मे महिन्यात कुत्रंबी फिरकत न्हाई. खिडकीतनं गाडीतळ दिसतो, मोकळा. मच्छिंद्रनं दाराला आतनं कडी घातली. टेबलावर मीटर, शीट आन् कारखान्याचा आतला फोन. भिंतीला घड्याळ. बाकावर आडवा झाला. चंद्र उगवलेला त्यानं बघितला, एक वाजलेला ऐकला. मग डोळा लागला.

फोन वाजला.

चंद्राच्या उजेडात त्यानं घड्याळ बघितलं. दोन पन्नास. त्याला वाटलं मीच असंन, न्हाईतर गेटवरचा वॉचमन. उचलला.

"हॅलो."

कुनी बोलंना. मागं पानी वाजत हुतं. खोल विहिरीत भिंतीवर पानी आपटतं ना, तसं. तो हॅलो हॅलो म्हनला आन् ठेवून दिला. ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तसं पानी कारखान्यात एकाच जागी वाजतं. आन् जॅकवेलवरचा फोन ब्याण्णव साली तार चोरीला गेली तवापासनं काढून टाकलेला. बरं, मे महिन्यात नदी कोरडी ठक्क पडलेली. जॅकवेलमधी पानी कुठलं?

तो उठून बसला. घाम आला हुता. म्हनला, सपान पडलं असंल.

तीन वाजले.

सवयीनं नजर मीटरवर गेली.

बावीस.

मशीन बंद. पंखा बंद, दिवा बंद. आन् मीटरवर लाल, बावीस. त्यानं डोळं चोळलं. बावीस. त्यानं मशीनचा प्लग मीटरमधनं उपटला. आता मीटरला काही जोडलेलं न्हाई.

बावीस.

काय म्हनतोस सम्राट, बिघडला असंल? त्यालाबी तेच वाटलं. म्हनून त्यानं मीटरचाच प्लग भिंतीतनं काढला. बॅटरी नव्हती त्यात. तार हातात लोंबकळतीय. आकडा इझायला पायजे हुता.

इझला न्हाई.

त्यानं शीटवर बघितलं. तीनच्या चौकोनात शून्य. त्याच्या हातचं. तवा लाईन बंद असताना त्याच्या शीटवर बावीस हुता. आता...

फोन वाजला.

त्यानं उचलला न्हाई. वाजत राहिला. लई वेळ. मग त्यानं उचलला, कानाला लावला. पानी न्हाई. आवाज न्हाई. कुनीतरी नुसतं... थांबलेलं.

"कादर?"

...

"कादर, मी..."

...

त्याला ठेवायचं धाडस होईना. रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला. घड्याळात तीन दहा. मीटरवर बावीस. दाराकडं बघितलं. कडी जागेवर. त्याच्या मनात एकच. तीन वीस. अजून दहा मिनटं. कुनीतरी वर चढलंय. अजून वरच हाय. आन् खाली तो एकटाच.

तीन बारा.

त्यानं शीट उलटी केली. पेन धरला. पयला शब्द खोडून परत लिहिला. दोन पन्नासला कादरचा फोन आला. लाईन बंद कर म्हनला. मी बंद केली.

तीन पंधरा. बावीस.

तीनला लाईन बंद हुती. शीटवरचा बावीस मी दहालाच लिहिला हुता. मी झोपलो.

तीन अठरा. बावीस.

इथं पेन थांबला. त्याच्या फुडचं वाक्य त्यानं नऊ वर्सांत कुनाला सांगितलं नव्हतं. बायकोलाबी न्हाई. आईलाबी न्हाई.

तीन एकोनीस.

हँडल मी वर केला.

त्यानं मान वर केली. मीटरवर शून्य. मग आकडाच गेला. आन् टेबलावरच्या रिसीव्हरमधनं आवाज आला. तिकडनं कुनीतरी फोन ठेवल्याचा. खट्.

...

पाचला मी चहाची किटली घेऊन गेलो तर मच्छिंद्र हापिसाच्या पायरीवर बसलेला. अंगातला शर्ट पिळावा एवढा भिजलेला. मला बघून म्हनला, "रंभाजी, फोन आला हुता." मला वाटलं रात्रीचं सांगतोय. मग त्यानं समदं सांगितलं, दोन्ही रात्रींचं. मी ऐकत हुतो आन् माझ्या हातातली किटली थंड होत हुती. सांगून झाल्यावर मी त्याच्या एक कानफटात लावली. मग मीच त्याच्या शेजारी बसून रडलो. कादर गेला तवासुदिक मी एवढा रडलो नव्हतो.

मी म्हनलं, "चल."

कॉलनीच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग हुती. गौहरभाभीची नमाज नुकतीच झाली हुती, जानमाज घडी घालत हुती. सबिहा चुलीपाशी. मच्छिंद्र उंबऱ्याच्या बाहेरच गुडघ्यावर बसला आन् शीट फुडं केली. गौहरभाभीला वाचता येत नव्हतं. सबिहानं घेतली आन् उभ्यानं वाचली, मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तशी. शेवटचं वाक्य तिनं बोट ठेवून वाचलं.

"परत वाच," आई म्हनली.

तिनं परत वाचली.

"आनखी एकदा."

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर गौहरभाभी खाली बसली. भाकरी तव्यावर जळत हुती, तिचा वास सुटला हुता. मग ती मच्छिंद्रला म्हनली, "नऊ वर्सं मी लोकांना सांगत होते, माझा मालक तसा नव्हता. आन् रात्री एकटी पडले की त्यांनाच शिव्या द्यायचे. न सांगता का चढलात, पोरीचा इचार का न्हाई केलात. माझ्या तोंडातनं गेल्या त्या शिव्या. त्या आता कुठं फेडू?"

मच्छिंद्र म्हनला, "भाभी, मला माफ..."

"ते मला मागू नका," ती म्हनली. "मी देनार न्हाई. उद्या साहेबापुढं चला आन् हेच म्हना."

तो नको म्हनला न्हाई. त्याला ठावं हुतं नोकरी जानार, पोलिसात जावं लागनार. दोन्ही झालं फुडं. पन त्या दिवशी तो माझ्या खोलीत जेवला आन् संध्याकाळपातुर गाढ झोपला.

सोमवारी सकाळी आमी चौघं साहेबापुढं उभे. मी, मच्छिंद्र, गौहरभाभी आन् सबिहा. मीटर आधी तपासून घेतला, सम्राट, तुझ्यासारख्या शहान्यांसाठी सांगतो. शंभरचा दिवा लावला तर शंभर, काढला तर शून्य. एका वॅटचा फरक न्हाई.

साहेबानं मच्छिंद्रनं लिहिलेलं वाचलं. रात्रीच्या फोनचं मी सांगाय लागलो तर हातानं थांबवलं. मग चौकशीची जुनी फाईल मागवली. त्यात त्या रात्रीच्या लॉगशीटची झेरॉक्स हुती, तिच्यावर सरकारी इन्स्पेक्टरची सही. साहेबानं ती आमच्याकडं फिरवली आन् बोट ठेवलं. तीन वाजता, बावीस.

"हे बघा बाई," साहेब म्हनला, "मला तुमचं दुःख कळतं. पण सरकारी चौकशी झालीय. तीनला लाईन चालू होती असं कागद सांगतो. हा माणूस नऊ वर्षांनी येऊन काहीही म्हणेल. कागदापुढं तोंडाला कोण विचारतो?"

गौहरभाभीनं पदर तोंडाला लावला. एवढं करून सबिहाच्या बापाचं नाव तिथंच अडकनार, ते आमाला दिसत हुतं. सबिहा मात्र बिचकली न्हाई. म्हनली, "साहेब, ही झेरॉक्स हाय. लॉगशीटांची खरी वही दाखवा."

साहेबाला राग आला, पन पोरगी हटंना. मग त्यानं रेकॉर्डच्या श्रीमंत क्लार्कला बोलावलं. श्रीमंत गेला, लोखंडी कपाट उघडून एकोननव्वदची वही घेऊन आला. जाड पुठ्ठ्याची, दोऱ्यानं बांधलेली, गाठीवर लाखेची मोहोर. मोहोर साहेबानं स्वतः फोडली. धूळ उडाली. पानं उलटत तो त्या रात्रीवर आला.

आन् थांबला.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वही आमच्याकडं फिरवली.

एकला बावीस. दोनला बावीस. चारला ट्रिप. मच्छिंद्रचं निळ्या शाईचं अक्षर, जसंच्या तसं.

तीनचा चौकोन कोरा.

मी ती वही उचलून खिडकीत उन्हापुढं धरली. खोडलेलं न्हाई. खरवडलेलं न्हाई. पेनाचा दाब न्हाई, शाईचा डाग न्हाई. त्या जागी कुनी कधी काही लिहिलंच न्हाई, असा कागद. आन् टेबलावर झेरॉक्स, तिच्यात बावीस.

त्यानंतर आठ दिवसांनी कारखान्याच्या सहीशिक्क्याचं पत्र निघालं, अपघातात मयताचा कोनताबी दोष नव्हता म्हनून. ते गौहरभाभीनं काचेत घालून दाराच्या वर लावलं. येनाऱ्या-जानाऱ्याला वर बघूनच आत यावं लागायचं. पन मला आठवती ती सोमवारची सकाळ. साहेब त्या कोऱ्या चौकोनाकडं बघत हुता, आन् त्याचा आवाज एकदम बारीक झाला हुता.

"मच्छिंद्र, तूच लिहिलं होतंस ना इथं बावीस?"

"व्हय साहेब. मीच."

"श्रीमंत, कपाट कुणी उघडलं होतं?"

श्रीमंतनं करगोट्याला बांधलेली चावी वर करून दाखवली. "नऊ वर्सं इथंच हाय साहेब. अंघोळीलाबी काढत न्हाई."

"मग आकडा गेला कुठं?"

...

मच्छिंद्रनं हातातल्या मीटरच्या काळ्या पेटीकडं बघितलं.